‘कळलं का?’ विचारू नका: पहिल्या वर्षाला शिकवायला लागलेल्या नव्या प्राध्यापकांसाठी

पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्या हातात वेळापत्रक, खडूचा डबा आणि ७२ नावांचा हजेरीपट पडला. अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष, विषय एम-वन, म्हणजे पहिल्या सत्राचं गणित. गणित येत होतं, शिकवायची हौसही होती. समोरची निम्मी मुलं घाबरलेली आहेत हे मात्र सत्र संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही.

त्या सत्रात एक मुलगा सलग गैरहजर होता. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीतून महिनाभर उशिरा आलेला, मागच्या बाकावरचा. मी त्याचं नाव कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये टाकलं, घरी पत्र गेलं. वडील आले आणि म्हणाले, पोरगा तर रोज सहाच्या एसटीने निघतो, पास काढून दिलाय. मग जातो कुठे? स्टँडजवळच्या वाचनालयात बसायचा. का, तर म्हणाला, “मॅडम, माझी पहिली चार प्रॅक्टिकल बुडाली होती. जर्नल अपुरं म्हणजे टर्म गेली ना?” टर्म गेलेली नव्हती. चार प्रॅक्टिकल एका शनिवारी उरकली असती. एवढा एक प्रश्न विचारायला त्याला कोणी सापडलं नाही, आणि त्या ‘कोणी’मध्ये मीही होते.

त्याला आता अकरा वर्षं झाली. तुम्ही तासिका तत्त्वावर असा की कायम, पहिल्या वर्षाचा वर्ग पहिल्यांदाच मिळाला असेल तर पुढचं तुमच्यासाठी. उदाहरणं अभियांत्रिकीची आणि गणिताची आहेत, कारण मला तेच माहीत आहे. बीएस्सी किंवा बीकॉमला शिकवणाऱ्या मैत्रिणींचं ऐकते तेव्हा फारसा फरक वाटत नाही.

सुरू करण्यापूर्वी हे जवळ ठेवा

- हजेरीपटाची स्वतःची वेगळी प्रत. ऑफिसची ऑनलाइन हजेरी महिन्याअखेर टक्केवारी सांगते. तुम्हाला लागतं सलग किती दिवस कोण नाही ते.
- पाठकोऱ्या कागदांचे तुकडे, एका तासाला एक गठ्ठा.
- मागच्या वर्षीच्या तीन-चार उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, नाव आणि सीट नंबर झाकून. एक उत्तम, एक काठावर पास, एक नापास.
- शिष्यवृत्तीचं काम बघणारे क्लार्क कोण, खिडकी किती वाजता उघडते, वर्गाचे पालक-शिक्षक म्हणजे जीएफएम कोण, वसतिगृहाचे रेक्टर कोण, याचा एक कागद.
- रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६. दोन्ही फोनमध्ये सेव्ह करा. शोधायची वेळ येते तेव्हा हात थरथरत असतो, तुमचाही.

१. भीती ओळखायला शिका, ती आळसासारखी दिसते

घाबरलेला विद्यार्थी येऊन ‘मी घाबरलोय’ म्हणत नाही. तो सबमिशन उशिरा करतो. असाइनमेंट शेजाऱ्याची जशीच्या तशी उतरवतो, त्याच्या चुकांसकट. प्रश्न विचारला की हसतो. चाचणीच्या दिवशी त्याचं पोट दुखतं. कधी कधी तर तो वर्गातला विनोदवीर असतो, कारण नापास होण्यापेक्षा टवाळखोर ठरणं परवडतं.

स्टाफरूममध्ये याचं निदान एका वाक्यात होतं: “आजकालच्या पोरांना सिरियसनेसच नाही.” तुम्ही नवीन आहात, वाद घालू नका, पण मान्यही करू नका. मुलाची वही उघडा. काहीच लिहिलेलं नसेल तर कारण दुसरं असू शकतं. पण गणित अर्ध्यावर सोडलेलं असेल, खाडाखोड असेल, पान फाडलेलं असेल, तर त्याने प्रयत्न केला होता आणि कुठेतरी तो अडकला.

आणखी एक गोष्ट, जी मला उशिरा कळली. आपल्याकडची बरीच मुलं अकरावी-बारावी ‘इंटिग्रेटेड’ने करून येतात. कॉलेजची हजेरी कागदावर, दिवसभर क्लास, सगळा अभ्यास चार पर्यायांतून एक निवडण्याचा. ब्युरेट हातात धरलेली नसते, सात मार्कांचं गणित पायऱ्या मांडून सोडवलेलं नसतं. सीईटीत ९० पर्सेंटाइल मिळवलेला मुलगा कोऱ्या कागदापुढे गोठतो तेव्हा आपण चक्रावतो. त्याने तसा कागद दोन वर्षांत पाहिलेलाच नसतो.

२. पहिल्या तासाला धीर देऊ नका, माहिती द्या

‘घाबरू नका, एम-वन सोपं आहे’ हे मी पहिली तीन वर्षं म्हणत होते. ज्याला ते अवघड जातं त्याने काय समजायचं? सोपं असूनही मला येत नाही, म्हणजे मीच ढ. ‘सोपं’ हा शब्द वर्गातून काढून टाका. ‘ही पायरी पहिल्यांदा सगळ्यांनाच अडते’ म्हणा. ते खरंही आहे.

मुलांना हवी असते ती नियमांची माहिती, आणि ती नेमकी कोणी देत नाही. फळ्यावर लिहा: पास व्हायला किती गुण लागतात, अंतर्गत किती, सत्रांत परीक्षेचे किती, ७५ टक्के हजेरी म्हणजे या विषयाचे किती तास बुडाले तर चालतात, प्रॅक्टिकल बुडालं तर ते कधी भरून देता येतं, एटीकेटी म्हणजे काय, किती विषय राहिले तर पुढच्या वर्षात जाता येतं, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकन कसं मागायचं. नियम प्रत्येक विद्यापीठात आणि प्रत्येक पॅटर्नला बदलतात, म्हणून ऐकीव सांगू नका. चालू वर्षाचं परिपत्रक परीक्षा विभागातून आणून वाचा. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजला गेलेलं नाही त्यांना हे सांगणारं दुसरं कोणी नसतं. सीनियर सांगतात, पण निम्मं घाबरवण्यासाठीच.

तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईने प्रथम वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन, म्हणजे ओळखीचा, कार्यक्रम आखलेला आहे, यूजीसीचा ‘दीक्षारंभ’ही २०१९पासून आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्याचं दोन दिवसांची भाषणं आणि पुष्पगुच्छ एवढंच होतं. तुमच्या वाट्याला त्यातला एक तास आला तरी तो या फळ्यावरच्या माहितीसाठी वापरा.

स्वतःची केटी, म्हणजे राहिलेला विषय, सांगावी का? मी सांगते. मला एम-टूला लागली होती. पण एकदाच आणि दोन मिनिटांत, नेमकं काय चुकलं आणि पुढे काय केलं तेवढंच. त्याची संघर्षगाथा केली की पोरं मनातल्या मनात जांभई देतात.

३. ‘कळलं का?’ बंद करा

या प्रश्नाला महाराष्ट्रात एकच उत्तर आहे: “हो मॅडम.” ते एका सुरात येतं आणि त्यातून काहीही कळत नाही. ‘कोणाला काही शंका?’ हे तर त्याहून वाईट. ७२ जणांसमोर हात वर करून आपलं अज्ञान जाहीर करणार कोण?

त्याऐवजी तीन गोष्टी करा.

पहिली, प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गातल्या बोलण्याच्या टेप तपासल्या, तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे कमी झाले. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण खडू हातात धरून गप्प उभं राहून बघा. मी मनात आकडे मोजते. इंग्रजीतला प्रश्न मनात मराठीत आणून पुन्हा उत्तर इंग्रजीत न्यायला मुलांना वेळ लागतो, म्हणून मी पाचपर्यंत जाते.

दुसरी, आधी शेजाऱ्याशी बोलू द्या. एक मिनिट. मग विचारा, “तुमच्या बाकावर काय ठरलं?” उत्तर चुकलं तर बाकाचं चुकतं, एकट्याचं नाही.

तिसरी, चिठ्ठी. तास संपायच्या तीन मिनिटं आधी कागदाचे तुकडे वाटा. नाव लिहायचं नाही. आज जे सगळ्यात कमी कळलं ते एका ओळीत, कोणत्याही भाषेत. ७२ चिठ्ठ्या वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत, कारण त्यांतल्या तीसेक एकाच ठिकाणी बोट ठेवतात. पुढच्या तासाची सुरुवात तिथून करा. ही पायरी गाळली तर तिसऱ्या दिवशी चिठ्ठ्या कोऱ्या यायला लागतात आणि त्यात मुलांची चूक नसते.

सापळा: ‘शंका ग्रुपवर टाका.’ व्हॉट्सॲपचा वर्गाचा ग्रुप म्हणजे तेच ७२ जण, वर स्क्रीनशॉटची सोय. आणि रात्री अकराला वैयक्तिक मेसेजना उत्तरं देण्याची सवय लावून घेऊ नका. वेळ ठरवून सांगा, ती पाळा.

४. पहिली चूक लवकर आणि फुकटात होऊ द्या

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो याचा. विद्यार्थ्याची पहिली चूक जर थेट मोजल्या जाणाऱ्या परीक्षेत झाली, तर तिची किंमत जबर असते आणि ती सुधारायला वेळही उरलेला नसतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यातच दहा गुणांची, कुठेही न धरली जाणारी चाचणी घ्या. अभ्यासक्रमावर नको. अपूर्णांकांची बेरीज, लॉगचे नियम, त्रिकोणमितीची सूत्रं, साधं डिफरन्सिएशन.

निकाल बघून दचकू नका. आंशिक विकलन बरोबर करणारी मुलं शेवटच्या ओळीत दोन अपूर्णांकांची बेरीज चुकतात, हे मी दर वर्षी बघते. ‘मला मॅथ्स जमतच नाही’ म्हणणाऱ्याचं दुखणं बहुतेकदा आठवी-नववीतल्या दोन-तीन गोष्टींत असतं. हे त्याला पेन्सिलने खूण करून दाखवलं की ‘मॅथ्स’ नावाचा राक्षस आक्रसतो.

पेपर परत देताना काही पथ्यं. दुमडून द्या, गुण आतल्या बाजूला. गुणांच्या क्रमाने वाटू नका, नावं घेऊन वाचू नका. आठवड्याच्या आत द्या, महिन्याने मिळालेल्या पेपराकडे कोणी बघत नाही. लाल शेऱ्यांनी पान भरू नका. जिथे पहिली चूक झाली तिथे एक गोल करा, पुढचं त्याला शोधू द्या. मग वहीच्या मागे एक पान ‘चुकांचं’ करायला लावा: चिन्ह चुकलं, सूत्र आठवलं नाही, प्रश्नच कळला नाही, वेळ पुरला नाही. चार रकाने पुरतात. दोन महिन्यांनी ते पान बघून मुलं स्वतःच म्हणतात, “मॅडम, माझे निम्मे मार्क मायनसच्या चिन्हात गेलेत.”

झाकलेल्या नावांच्या त्या जुन्या उत्तरपत्रिका इथे कामाला येतात. मुलांना त्या तपासायला द्या, पायरीनुसार गुण कसे पडतात ते समोर ठेवून. शेवटचं उत्तर चुकलं तरी सातपैकी पाच मिळू शकतात, हे पाहिल्यावर कोरा पेपर ठेवून उठणारे कमी होतात.

इथेच एक उलटा सापळाही आहे. भीती घालवायची म्हणून ‘आयएमपी’ म्हणजे हमखास येणाऱ्या प्रश्नांची यादी देणं, अंतर्गत गुण सरसकट वाटणं, चाचणीचे प्रश्न आधी सांगणं. मुलं खूश होतात, तुमची फीडबॅक फॉर्ममधली सरासरी वाढते. आणि सत्रांत परीक्षेला ती तुमच्या भरवशावर बसून आपटतात. चूक स्वस्त करा, अपेक्षा नको.

५. स्टाफरूमच्या बाहेर बसा

‘कधीही या, माझं दार उघडं आहे’ असं सगळेच म्हणतात. त्या दारातून आत जायचं म्हणजे काय ते एकदा मुलाच्या नजरेने बघा. आत सहा सर-मॅडम, कोणी डबा खातंय, एक जण दुसऱ्याच पोराला झापतोय. तुमच्या टेबलाशी उभं राहून त्याने विचारायचं की साइन थीटा बाय टू कुठून आला?

मी मंगळवार-गुरुवार दुपारी दोन ते तीन लायब्ररीबाहेरच्या व्हरांड्यात बसते. टेबल, दोन बाक, पेपर तपासायचा गठ्ठा. कोणी आलं नाही तर तपासणी होते. पहिल्या महिन्यात कोणी येत नाही, त्याने खट्टू होऊ नका. प्रत्येकाला एकदा यायलाच लावा: मेंटॉरिंगचा फॉर्म तसाही भरायचा असतो, तो तिथे पाच-पाच मिनिटांत भरा. गाव कुठलं, येता कसे, राहता कुठे, कोणता विषय जड जातो. उंबरा एकदा ओलांडला की दुसऱ्यांदा मुलं आपणहून येतात. येताना मित्राला घेऊन येतात.

६. गट जमवा, पण ‘स्लो लर्नर’ची पाटी लावू नका

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या युरी ट्राइसमन यांना प्रश्न पडला होता की कॅल्क्युलसला काळे विद्यार्थी इतक्या मोठ्या संख्येने का नापास होतात. घरची परिस्थिती, तयारी, इच्छा अशी ठरीव उत्तरं सहकाऱ्यांकडे होती. ट्राइसमन यांनी मुलं अभ्यास कशी करतात हेच जाऊन पाहिलं. काळे विद्यार्थी मेहनत करत होते, पण बहुतेक जण एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसत, एकमेकांची उत्तरं ताडून बघत. ट्राइसमन यांनी मग गट सुरू केले, आणि ते कच्च्यांचे जादा तास म्हणून नव्हे, तर अवघड गणितं सोडवणाऱ्यांचे म्हणून. निकाल बदलले.

आपल्याकडे नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामासाठी ‘स्लो लर्नर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ अशा याद्या कराव्या लागतात. करा, फाइलला लावा, पण ती यादी नोटीस बोर्डावर जाऊ देऊ नका. मी शनिवारी ‘अवघड गणितांचा तास’ असा फलक लावते, चार-चार जणांचे गट स्वतः पाडते आणि प्रत्येक गटात एक वसतिगृहावरचा व एक एसटीने येणारा घालते. मुलांवर सोडलं तर लातूरचे लातूरकरांत आणि पुण्याचे पुणेकरांत बसतात.

७. इंग्रजी आणि ओरल

लिहिलेलं इंग्रजी आपल्या मुलांना तितकंसं छळत नाही. सेमी-इंग्रजी आणि बारावी सायन्समुळे शब्द ओळखीचे असतात. छळतं ते बोलणं. ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचे परीक्षक समोर बसले की येत असलेलंही घशात अडकतं.

समजावताना मराठी बिनधास्त वापरा, संज्ञा इंग्रजीच ठेवा, आणि वर्गात मराठी न येणारी मुलं असतील तर हिंदी-इंग्रजीत पुन्हा सांगा. पाठ्यपुस्तकाचा आधार हवा असेल तर एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही मोफत मिळतात. उच्चार वर्गात दुरुस्त करू नका. ‘मॅट्रिक्स’ला ‘मेट्रिक’ म्हटलं म्हणून रँक काढता येत नाही असं थोडंच आहे.

ओरलची तालीम जोड्यांनी करून घ्या: एक एक्स्टर्नल, एक विद्यार्थी, पाच मिनिटांनी अदलाबदल. एक्स्टर्नलच्या खुर्चीत बसल्यावर मुलांना कळतं की समोरच्यालाही प्रश्न सुचवावे लागतात. दोन वाक्यं पाठ करून घ्या. “सर, कॅन आय एक्सप्लेन विथ अ डायग्राम?” आणि “सर, मराठीत सांगू का?” माझ्या अनुभवात दुसऱ्याला नाही म्हणणारे एक्स्टर्नल फार थोडे भेटले.

८. फीची भीती गणितात शोधू नका

काही मुलं अभ्यासाला घाबरत नसतात, ऑफिसला घाबरतात. फी बाकी असली की खिडकीसमोरून जायला नको म्हणून मागच्या गेटने येतात आणि मग येतच नाहीत. तुम्ही फी माफ करू शकत नाही. योग्य कागद योग्य वेळी भरला जाईल एवढं मात्र बघू शकता.

बहुतेक योजना राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहेत: राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आणि प्रवर्गनिहाय इतर. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याणची स्वाधार योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून आलेल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना २०२४पासून शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अनेक विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ही चालते.

लागणारे कागद साधारण असे, योजनेप्रमाणे थोडा फरक पडतो:

- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला
- जातीचा दाखला, जात वैधता, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर
- अधिवास प्रमाणपत्र, रेशन कार्ड
- दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असल्यास गॅपचं प्रतिज्ञापत्र
- कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती
- आधारशी जोडलेलं बँक खातं

शेवटच्या ओळीवर सगळ्यात जास्त अर्ज अडकतात. खातं आहे, आधार दिलेलंही आहे, पण पैसे जमा होण्यासाठी ते जोडलेलं नाही. बँकेत जाऊन खात्री करायला सांगा. आणि अर्ज भरून मुलं निवांत होतात. तो दुरुस्तीसाठी ‘सेंड बॅक’ होऊन पडला की तीन महिने कोणी लॉगिन करत नाही. मी महिन्यातून एकदा तासाच्या शेवटी सगळ्यांना फोनवर स्टेटस बघायला लावते. माझी पाच मिनिटं जातात.

९. उशिरा आलेले आणि डिप्लोमावाले

कॅपच्या शेवटच्या फेरीतली मुलं येतात तेव्हा पहिलं युनिट संपत आलेलं असतं. दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेणारे डिप्लोमावाले तर एम-वन, एम-टू न करता एम-थ्रीला बसतात. या दोघांसाठी एका पानाचा कागद तयार ठेवा: काय होऊन गेलं, कोणाची वही घ्यायची, कोणती प्रॅक्टिकल कधी भरून मिळतील, कोणती सबमिशन बाकी. तो पहिल्याच दिवशी हातात द्या. डिप्लोमावाल्यांना वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये पुढे करा, तिथे ते बाकीच्यांना शिकवू शकतात.

१०. आपली हद्द ओळखा

सलग पाच तास गैरहजर, वजन उतरलेलं, झोप नाही, ‘माझ्यामुळे घरच्यांना त्रास’ अशी भाषा, वस्तू वाटून टाकणं, रॅगिंगचा संशय. यातलं काही दिसलं की तुम्ही समुपदेशक व्हायला जाऊ नका. एकट्याला गाठून थेट विचारा, ऐका, “कोणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. जिवाचा धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका. समुपदेशक, जीएफएम, गरज पडली तर पालक. टेली-मानसचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलगा तयार असेल तर तुमच्या समोरच फोन लावा.

पालकांना फोन करायची वेळ आली तर पहिलं वाक्य तक्रारीचं नको. मी म्हणते, “मी तुमच्या मुलाची गणिताची मॅडम बोलतेय, काळजीचं काही नाही, दोन मिनिटं आहेत का?” पलीकडे बहुतेकदा शेतात किंवा दुकानात उभा असलेला माणूस असतो आणि कॉलेजमधून फोन म्हणजे पोराने काहीतरी केलं, असंच त्याला वाटत असतं. त्याचा आवाज सैल झाला की मग हजेरीचं बोला. आणि पोराला आधी सांगून फोन करा.

तो वाचनालयात बसणारा मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा प्रवेश घेऊन आला होता. पहिल्या आठवड्यातच मला व्हरांड्यात गाठून त्याने सोबतच्या एका उशिरा आलेल्या पोराला पुढे ढकललं. “मॅडम, याची तीन प्रॅक्टिकल बुडालीत. शनिवारी घेता का?”